रॉकच्या अवश्य ऐकाव्या अशा अल्बमांची यादी : वाद कसा घालावा आणि कसा मिटवावा

काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने रॉकच्या १०० अल्बमांची यादी तयार केली आणि ती भाचीच्या हाती दिली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली, कागद उलटून मागे काही आहे का तेही पाहिले आणि विचारले, ‘‘मामा, यातला आधी कोणता ऐकू?’’ मला उत्तर देता येईना. पहिल्या क्रमांकावर जो अल्बम होता तो तिने आधी ऐकावा असे मला मुळीच वाटत नव्हते. तो तेथे असण्याचा रिवाज आहे म्हणून मी तो तेथे बसवला होता. त्या यादीत माझी जाण किती आणि लोकांची भीड किती, हे त्या एका प्रश्नाने उघडे पडले. पुढे आम्ही सहा मित्रांनी मिळून तेच काम नव्याने केले. त्याला आठ रविवार लागले, दोन वेळा आवाज चढले, आणि त्या खटाटोपातून वाद घालण्याची जी रीत हळूहळू बसत गेली ती येथे मांडली आहे. ज्यांना असाच उद्योग करायचा असेल त्यांनी ती आपल्या सोयीने बदलून घ्यावी.

यादी कोणासाठी

कोणत्याही अल्बमचे नाव घेण्यापूर्वी सर्वांनी मिळून एक वाक्य कागदावर लिहावे : ही यादी अमुक माणसासाठी आहे. हे वाक्य जितके नेमके, तितका पुढचा वाद सोपा जातो. ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ अशा मथळ्याची यादी विशेष कोणासाठी नसते, आणि म्हणूनच तिच्यात कोणतेही नाव घालता येते व कोणतेही काढता येते. आमचे वाक्य असे होते : ‘जिने सुटी गाणी पुष्कळ ऐकली आहेत, जिच्या घरात हिंदुस्थानी संगीत लावले जाते, पण जिने रॉकचा एकही अल्बम सलग ऐकलेला नाही अशा विशीतल्या मुलीसाठी १९६५ ते १९७९ या काळातील २५ अल्बम.’

या वाक्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दाने पुढे एकेक भांडण मिटवले. ‘सलग’ या शब्दामुळे, एक गाजलेले गाणे आणि भोवती नऊ भरतीची, अशा अल्बमांचा दावा आपोआप पडला. घरातल्या हिंदुस्थानी संगीताच्या उल्लेखामुळे, एकाच स्वराला धरून राहणारे संगीत या मुलीला परके वाटणार नाही असे गृहीत धरता आले. २५ हा आकडाही विचारपूर्वक घेतलेला होता. १०० जागा असल्या की कोणालाच नकार द्यावा लागत नाही आणि दहाच असल्या की सर्वांना ठाऊक असलेलीच नावे उरतात. २५ जागांत मात्र दर वेळी एखादे आवडते नाव गाळताना पोटात कालवाकालव होते, आणि माणूस खरी कारणे द्यायला लागतो तो त्या क्षणी.

काळाची सीमा का घालावी, याचेही उत्तर तयार असावे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली; तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत बसू लागले. परंतु रॉकचे कलावंत त्यानंतरही बरीच वर्षे एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांवरच जगत होते आणि मोठी तबकडी ही बहुधा त्या गाण्यांची मोळी असे. १९६५ मध्ये बॉब डिलनचा ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ आणि बीटल्सचा ‘रबर सोल’ आले, आणि अल्बम हीच रचना, तिचा आरंभ आणि शेवट कलावंताने योजलेला, ही समजूत रुजली. ही सीमा सोयीची आहे, निसर्गदत्त नाही. ती घातल्यामुळे कोणावर अन्याय होतो हे सीमा घालणाऱ्याला माहीत असले पाहिजे. आमच्या सीमेने सर्वांत मोठा अन्याय चक बेरीवर केला, त्याकडे लगेचच येतो.

नावे घेण्याआधीचे नियम

नियम आधी ठरवावेत, नावे नंतर घ्यावीत. नावे पुढे आल्यावर केलेला नियम हा कोणाला तरी आत घेण्यासाठी किंवा बाहेर ठेवण्यासाठीच केलेला असतो, आणि ते सर्वांना कळते.

पहिला नियम आवृत्तीचा. त्या काळातील पुष्कळ अल्बम इंग्लंडमध्ये एक आणि अमेरिकेत दुसरे अशा दोन रूपांत निघाले. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्वर’मध्ये इंग्लंडमध्ये १४ गाणी होती, अमेरिकेत ११. वगळलेली तिन्ही गाणी गटातील जॉन लेननची होती, त्यामुळे अमेरिकन श्रोत्याच्या हाती जो ‘रिव्हॉल्वर’ आला त्यात लेननची फक्त दोन गाणी उरली. वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकाच्या मनात चौदा गाण्यांचा अल्बम आणि दुसऱ्याच्या मनात अकरांचा असेल, तर ते दोघे एका अल्बमबद्दल बोलतच नसतात. आम्ही ठरवले की अल्बम ज्या देशात प्रथम प्रकाशित झाला तेथील आवृत्ती आणि तेथील तारीख धरायची. या नियमाने द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ वाचला : तो इंग्लंडमध्ये डिसेंबर १९७९ मध्ये निघाला आणि अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये, त्यामुळे ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीतनियतकालिकाने पुढे त्याला ऐंशीच्या दशकातील सर्वोत्तम अल्बम ठरवले. परंतु याच नियमाने जिमी हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्स्पीरियन्स्ड’चे नुकसान केले, कारण १९६७ च्या मूळ इंग्रजी आवृत्तीत ‘पर्पल हेझ’ नाही. ते गाणे अमेरिकन आवृत्तीत आहे. आमच्यातील एकाने यावर अर्धा तास घेतला. नियम मोडला नाही, मात्र यादीत त्या नावापुढे ‘पर्पल हेझ वेगळे ऐकावे’ अशी टीप पडली. नियमाची किंमत कोठे चुकती होते हे असे लिहून ठेवणे बरे.

दुसरा नियम संकलनांचा. चक बेरीची गाणी १९५५ पासून सुट्या तबकड्यांवर आली, आणि त्याचे सर्वांत चांगले रूप ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ या १९८२ च्या २८ गाण्यांच्या संकलनात सापडते. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या यादीत हे संकलन २१ व्या क्रमांकावर होते. संकलनांना प्रवेश दिला तर प्रत्येक गटाचे ‘निवडक’ दारात उभे राहते. प्रवेश नाकारला तर ज्या माणसाच्या गिटारवादनावर पुढच्या सगळ्यांनी हात बसवला तोच बाहेर राहतो. आम्ही पंगतीआधीच्या चित्राहुतीसारखी एक जागा यादीच्या वर ठेवली, तिला शून्य क्रमांक दिला आणि तेथे बेरीचे संकलन ठेवले. ही पळवाट आहे असे म्हणता येईल. मला ती प्रामाणिक पळवाट वाटते.

प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणांबद्दल फार वाद झाला नाही; द हूचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ आणि ऑलमन ब्रदर्सचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’ ऐकल्यावर अशा अल्बमांना वेगळी रांग लावावी असे कोणी म्हणाले नाही.

जोडअल्बमांचे मात्र तसे नाही. दोन तबकड्यांचा अल्बम एकाच जागेवर बसतो, पण श्रोत्याचा वेळ दुप्पट घेतो. बीटल्सचा १९६८ चा पांढऱ्या वेष्टनातला अल्बम ३० गाण्यांचा आहे, आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत तो छाटून एका तबकडीवर आणावा असे होते. माझी स्वतःची या बाबतीत एक जुनी चूक आहे. महाविद्यालयात असताना एका दुकानातून मी तो ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला होता. मूळ अल्बम ९३ मिनिटांहून अधिक लांबीचा, त्यामुळे पहिल्या बाजूच्या शेवटी ‘ज्युलिया’ अर्ध्यावर तुटे आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘गुड नाइट’ सुरू होऊन थोड्याच वेळात संपे. कित्येक वर्षे मी त्या अल्बमचा शेवट कसा अर्धवट, कसा धीट, असे मित्रांना रंगवून सांगत होतो. तो धीटपणा कॅसेटच्या फितीचा होता. तेव्हापासून जोडअल्बमचा पुरस्कार करणाऱ्याने तो चारही बाजूंसह, एका बैठकीत, सर्वांसमक्ष ऐकवावा असा नियम झाला. रोलिंग स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ सुचवणाऱ्याने तो ऐकवलाही.

एका कलावंताचे दोनांपेक्षा अधिक अल्बम नकोत, हा शेवटचा नियम. बीटल्स आणि डिलन मिळून अर्धी यादी खाऊन टाकतात, हे त्याचे साधे कारण.

चार शब्दांची गल्लत

वादात सर्वाधिक वेळ ज्यात वाया जातो ती गल्लत अशी : आवडता, उत्तम, प्रभावी आणि गाजलेला हे चार वेगळे दावे आहेत आणि बोलताना माणूस एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे अमेरिकेच्या विक्रीच्या तक्त्यावर होता, हा गाजल्याचा पुरावा आहे. त्यावरून तो उत्तम ठरत नाही, आणि गंमत म्हणजे तेवढ्या आठवड्यांत तो पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता, इंग्लंडमध्ये तर दुसऱ्याच्या वर गेलाच नाही. उलट टोकाला १९६७ चा ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ आहे. अमेरिकेत त्याची धाव १७१ व्या क्रमांकाशी संपली. संगीतकार ब्रायन ईनो यांच्या नावाने जे विधान फिरते त्याचा आशय असा, की तो अल्बम थोड्यांनीच विकत घेतला, पण ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाने बँड काढला. हे विधान प्रभावाबद्दल आहे. आमच्या बैठकीत ते तीनदा उच्चारले गेले आणि तिसऱ्या वेळी एक मित्र म्हणाला, ‘‘बँड काढणाऱ्यांचं झालं, या मुलीला बँड काढायचा नाही, तिने तो का ऐकावा?’’

हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर अल्बममधूनच द्यावे लागले. त्यातील ‘हेरॉइन’ हे सात मिनिटांचे गाणे दोनच स्वरसंगतींवर उभे आहे. जॉन केलच्या व्हायोलाचा अखंड घोष मागे चालू राहतो, मो टकर उभी राहून ड्रम वाजवते, लय हळूहळू चढते, पुन्हा उतरते, पुन्हा चढते. आणि शेवटाकडे सगळा कल्लोळ शिगेला असताना ड्रम काही क्षण थांबतो. टकरला इतर वाद्ये ऐकू येईनाशी झाली म्हणून ती थांबली होती. ते मुद्रण तसेच ठेवले गेले. हे ऐकवल्यावर प्रभावाचा मुद्दा कोणी पुन्हा काढला नाही आणि अल्बम यादीत गेला.

म्हणून सूचना अशी, की प्रत्येकाने आपला दावा मांडताना आधी तो चारपैकी कोणता आहे ते सांगावे, आणि आपण लिहिलेल्या वाक्यातील श्रोत्याला त्याचा काय उपयोग ते लगेच जोडावे. ‘मला फार आवडतो’ हाही मान्य दावा आहे. तो ‘उत्तम आहे’ या वेषात आला की त्रास सुरू होतो.

ऐकल्याशिवाय मत नाही

माणसे अल्बमांबद्दल आठवणीतून भांडतात. आठवणीत अल्बमची तीन गाणी असतात आणि बाकीच्या जागी त्या वयातली हवा असते. यावर उपाय एकच, की ज्या अल्बमवर मतभेद आहे त्याची किमान एक बाजू सर्वांनी मिळून, मध्ये न बोलता ऐकावी. ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी, हे बारीक वाटले तरी महत्त्वाचे आहे. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे किंचित मोठ्याने लागते तेच कानाला चांगले वाटते, आणि नव्याने संस्कारित केलेल्या आवृत्त्या बहुधा जुन्यांपेक्षा मोठ्याने वाजतात. शक्य असेल तर दोन्ही अल्बम एकाच काळच्या आवृत्तीतून लावावेत. १९६७ पर्यंतच्या बीटल्सच्या अल्बमांबाबत एकपदरी, म्हणजे मोनो, मिश्रणाला प्राधान्य द्यावे असे माझे मत आहे, कारण त्या काळी गटाचे लक्ष त्या मिश्रणावर असे आणि स्टीरिओ मिश्रण मागाहून उरकले जाई.

ऐकून झाल्यावर ‘भारी आहे’ किंवा ‘कंटाळवाणे आहे’ असे न म्हणता, नेमके कोणत्या ठिकाणी काय घडले ते सांगण्याची सवय लावावी. ‘रिव्हॉल्वर’च्या शेवटच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याचे उदाहरण घेतो. अल्बममध्ये ते शेवटी येते, पण ६ एप्रिल १९६६ रोजी त्या अल्बमचे मुद्रण सुरू झाले ते याच गाण्याने. तंबोऱ्याच्या झंकाराने ते सुरू होते आणि जवळपास तीन मिनिटे एकाच आधारस्वराला धरून राहते. तंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी गटाचा ड्रमवादक रिंगो याच्या मोठ्या ड्रमच्या आत लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन नेहमीच्या रीतीपेक्षा फार जवळ नेला, त्यामुळे ठोका कोरडा आणि छातीवर बसणारा येतो. गटाने घरून आणलेल्या फितींची गोल वेटोळी अनेक यंत्रांवर एकाच वेळी फिरवली होती. त्यातून पक्ष्यांच्या चीत्कारासारखा जो आवाज येतो तो मधूनमधून येतो आणि जातो. उत्तरार्धात लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला आहे, म्हणून तो दूरच्या डोंगरावरून आल्यासारखा वाटतो. आमच्यातील ज्याने हे गाणे ‘नशेतला गोंधळ’ म्हणून उडवून लावले होते, तो पुन्हा ऐकून म्हणाला, की गोंधळ वर आहे, खाली षड्ज पक्का आहे. रॉकच्या समीक्षेत हे वाक्य सापडणार नाही. आमच्या वाक्यातील मुलीला मात्र ते तत्काळ कळले असते.

लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमचा निकालही असाच लागला. ‘स्टेअरवे टू हेवन’वर वाद घालून सगळे थकले होते, मग कोणीतरी शेवटचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावले. हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याखालच्या दालनात ड्रम मांडून, मायक्रोफोन वर जिन्यावरून सोडून जॉन बॉनमचे वादन मुद्रित केले आहे, आणि त्या ठोक्याभोवती घराच्या भिंती ऐकू येतात. गाणे मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचे, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचे.

एक आत, तर एक बाहेर

२५ जागा भरल्यावर खरा वाद सुरू होतो, आणि तेथे नियम कडक असावा : जो नवे नाव सुचवील त्याने कोणते काढायचे तेही त्याच दमात सांगावे. ‘हा नाही म्हणजे काय!’ या उद्गाराला मग अर्थ उरत नाही.

आमची सर्वांत लांब चकमक ‘रिव्हॉल्वर’ आणि ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ यांच्यात झाली. बीटल्सच्या दोन जागांपैकी एक ‘ॲबी रोड’ने आधीच घेतली होती, म्हणजे या दोहोंतून एकच राहू शकत होता. ‘पेपर’च्या बाजूने बोलणाऱ्याने परंपरा मांडली : ‘रबर सोल’ ऐकून बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ रचला, तो ऐकून मॅकार्टनीला पुढचे पाऊल सुचले आणि १९६७ मध्ये ‘पेपर’ आला, ही साखळी तोडून श्रोत्याला काय द्यायचे? मुद्दा वजनदार होता. पण त्यातच एक गाठ निघाली. विल्सनने ऐकला तो अमेरिकन ‘रबर सोल’, ज्यात चार गाणी गाळून दोन वेगळी घातली होती. आमच्या पहिल्या नियमाप्रमाणे तो अल्बम आमच्या यादीच्या जगात अस्तित्वातच नव्हता. शिवाय ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही त्याच हंगामात तयार झालेली दोन गाणी आधी सुटी प्रकाशित झाल्यामुळे ‘पेपर’मध्ये नाहीत, याची हळहळ जॉर्ज मार्टिन यांनी स्वतः व्यक्त केली होती. पुरस्कर्ता नकळत ती दोन गाणी मनात धरून बोलत होता. अल्बम आहे तसा तोलावा. त्यात काय असते तर तो कसा झाला असता, हा वेगळ्या संध्याकाळचा विषय आहे.

‘पेपर’च्या बाजूने याहूनही एक सोपा पुरावा पुढे आला : ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या यादीत तो पहिला होता. त्यावर दुसऱ्याने त्याच नियतकालिकाची २०२० ची यादी काढली. तीत ‘पेपर’ २४ वा, ‘रिव्हॉल्वर’ ११ वा, आणि पहिल्या क्रमांकावर मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. १७ वर्षांत त्या तबकड्यांतील एकही सूर बदललेला नाही. मत देणारी माणसे बदलली. गायिका जोनी मिचेलचा ‘ब्लू’ याच अवधीत ३० वरून तिसऱ्यावर आला. प्रसिद्ध याद्यांचा उपयोग मी येवढाच मानतो, की आपल्या कानावरून काय सुटले ते त्या सांगतात. ‘ब्लू’ मी त्या बढतीनंतर पुन्हा ऐकला आणि इतकी वर्षे न ऐकल्याबद्दल स्वतःवर चिडलो. निर्णयासाठी मात्र त्यांची साक्ष काढू नये.

अखेर ‘रिव्हॉल्वर’ राहिला, आणि त्याचे कारण श्रोता होते. ३५ मिनिटांत १४ लहान गाणी, त्यातले एक आठ तंतुवाद्यांवर, ज्यात चौघांपैकी कोणी वाद्यच वाजवत नाही, एक सतार-तबल्यावर, एक मुलांसाठी म्हणावे असे, आणि शेवटी ते एका षड्जावरचे. अल्बम ऐकणे म्हणजे काय, हे इतक्या थोड्या वेळात दुसरा कोणी सांगत नाही.

आपुलकीचा पुरावा

मराठी श्रोत्यांच्या वादात एक खास मोह असतो, त्यापासून सावध राहावे. ‘रिव्हॉल्वर’मधील ‘लव्ह यू टू’वर तबला अनिल भागवत यांनी वाजवला आहे आणि वेष्टनावर त्यांचे नाव छापले आहे, हे वाचून ऊर भरून येतो, फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच त्याने ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड जमवला, हे तर आपण पाहुण्यांना सांगतोच. पण पाचगणीमुळे क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ एक तसूभरही चांगला होत नाही. तो आमच्या यादीत आहे, पण त्याच्या स्वतःच्या बळावर, आणि निम्म्यांच्या मते त्याची दुसरी बाजू लांबलेलीच आहे. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून ‘द इनर लाइट’चे वादन मुद्रित करून घेतले, ते गाणे सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेले, त्या काळच्या कोणत्याही अल्बममध्ये नाही, त्यामुळे यादीशी त्याचा संबंध पोहोचत नाही. हळहळ वाटली तरी.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे उपलब्धतेची. ज्यांनी रॉक प्रथम मुंबईच्या रंगभवनात स्थानिक बँडांच्या तोंडून ऐकले, किंवा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याउभ्या वेष्टने चाळली, त्यांच्या मनात डीप पर्पल आणि पिंक फ्लॉइड यांना मोठी जागा आहे, कारण ते मिळत होते. ‘टेलिव्हिजन’ नावाच्या बँडचा ‘मार्की मून’ किंवा पॅटी स्मिथचा ‘हॉर्सेस’ माझ्या हाती कॅसेटच्या काळात एकदाही पडला नाही. जे मिळाले नाही ते महत्त्वाचे नव्हते, असे मन गुपचूप ठरवून टाकते. आमच्या पहिल्या मसुद्यात २५ पैकी एकाही अल्बमच्या मुखपृष्ठावर बाईचा चेहरा नव्हता, हे तिसऱ्या रविवारी चहा आणून देणाऱ्या मित्रपत्नीने दाखवून दिले आणि ती मग बैठकीतच बसली. सहाचे सात झालो. ‘ब्लू’ रॉक आहे की नाही यावर तिने आणि मी परस्परविरुद्ध बाजू घेतल्या. ‘गिटार आहे, पण विजेची नाही’ हे माझे कारण मलाच पुढे लटके वाटले, कारण त्याच कसोटीवर डिलनचे निम्मे काम बाहेर जाते. ‘ब्लू’ आत आला. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ मात्र सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन गायनपरंपरेचा म्हणून बाहेर राहिला, आणि हा निर्णय सुसंगत आहे असा माझा दावा नाही.

हट्टाची जागा

सर्व काही मतांनी ठरवू नये. बहुमताने तयार केलेल्या यादीत प्रत्येकाचा दुसरा-तिसरा आवडता अल्बम येतो आणि कोणाचाच पहिला येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक हट्टाची जागा द्यावी : त्या एका अल्बमवर चर्चा होईल, पण मतदान होणार नाही. अट इतकीच, की हट्ट करणाऱ्याने वाक्यातील श्रोत्याला उद्देशून चार ओळी लिहून द्याव्यात. या चार ओळी लिहिताना दोघांनी आपला हट्ट आपणहून बदलला. बाकीच्या जागांसाठी हात वर करून मत घ्यावे, आणि ज्याचा अल्बम गेला त्याचे म्हणणेही वहीत नोंदवावे; पुढच्या वर्षी यादी पुन्हा उघडली की ते कामी येते.

सर्वांत शेवटी क्रमांक पुसून टाकावेत आणि त्या जागी ऐकण्याचा क्रम लिहावा. आमच्या यादीत ‘रिव्हॉल्वर’ आधी आहे, कारण तेथून सुरुवात करणे सोपे. ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ तिसरा आहे, कारण डिलनचा आवाज अंगवळणी पडण्यापूर्वी कानाला थोडी तयारी लागते. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ पाचवा. पंचविसावी जागा ‘एक्झाइल’ला द्यावी की ‘मार्की मून’ला, हे ठरलेले नाही आणि तेथे तूर्त दोन्ही नावे पेन्सिलीने लिहिलेली आहेत.

ती वही भाचीकडे गेली. ती दर आठवड्याला एक अल्बम ऐकते आणि फार बोलत नाही. पाचव्या आठवड्यानंतर तिचा फोन आला : ‘‘मामा, त्या लांब गाण्यात मध्येच ड्रम बंद झाला ना, तर मला वाटलं हेडफोनच गेला. वायर हलवून पाहिली. मग मागे जाऊन परत ऐकलं.’’